तिसऱ्यांदा नीट नको

प्रश्न : मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीट दोनदा दिली, नंबर लागला नाही. आता म्हणते, एमआरआयच्या वेळी शिरेतून औषध देतात, त्यासाठी नॅनोकण बनवायचे. हे तर डॉक्टरांचं काम. तिसऱ्यांदा नीटला बसवू का? भाऊबंदांना काय सांगू? तिला ७८ टक्के आहेत. – एक पालक, रावेर तालुका

दादा, भाऊबंदांची काळजी आधी आणि लेकीचे ७८ टक्के सगळ्यात शेवटी, हे मला खटकलं. दोन वर्षं तिने तुमच्या शब्दाखातर घातली असावीत. आता काय करायचं ते ती नेमकं सांगतेय. या वयात इतकी स्पष्टता फार थोड्या मुलांकडे असते. तिला पुन्हा क्लासला बसवणं अन्याय आहे. फी भरली नसेल तर भरू नका. भाऊबंदांना सांगा, पोरगी एमएस्सी करणार आहे. बस.

‘डॉक्टरांचं काम’ हा समज मात्र साफ चुकीचा. एमआरआयसाठी २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेले पॉल लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ होते, पीटर मॅन्सफील्ड भौतिकशास्त्रज्ञ. आतलं चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध बहुतेक वेळा गॅडोलिनियम या धातूचं असतं. तो मोकळा सुटला तर विषारी, म्हणून त्याला रेणूत जखडून ठेवतात. तरीही मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही रुग्णांना त्यातून कातडी टणक होण्याचा गंभीर आजार होतो, हे २००६ मध्ये पुढे आलं. दुसरी वाट लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची. यकृतातल्या कुप्फर पेशी हे कण गिळतात, निरोगी भाग चित्रात काळा पडतो आणि कर्करोगाची गाठ उजळ दिसते. कण केवढा हवा, त्यावर आवरण कशाचं, रक्तात तो किती वेळ टिकावा, हा सगळा रसायनशास्त्राचा अभ्यास.

वाट लांब आहे, हेही सांगते. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेरिडेक्स हे लोह ऑक्साइडचंच औषध पुढे बंद झालं. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत फार थोडं पोचतं. पीएचडी होईपर्यंत सात-आठ वर्षं धरा. नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७ हजार मिळतात. एमएस्सीवर थांबली तरी औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम आहे.

तिसऱ्या वर्षी आयआयटीची जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा, द्यावी. जळगावला आपल्या विद्यापीठातही एमएस्सी आहे.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. फिजिकल केमिस्ट्री आणि गणित कितपत जमतं, ते मला तिच्याकडूनच कळायला हवं.