लंडनमध्ये एकच दिवस हातात आहे. शेक्सपियर, जुनी नाटकं, जुन्या इमारती यांची आवड आहे. काय पाहावं?

शेक्सपियरच्या जन्मगावाचा, स्ट्रॅटफर्डचा मोह सोडा, दिवस जाण्यायेण्यातच जाईल. थेम्सच्या दक्षिण काठावर सदर्कमध्येच राहा आणि ग्लोबच्या, म्हणजे शेक्सपियरच्या जुन्या नाट्यगृहाच्या प्रतिकृतीतल्या, दुपारच्या प्रयोगाचं उभ्याचं तिकीट काढा. प्रयोग साधारण उन्हाळ्यात असतात, तेव्हा तारखा आधी बघा.

पहिल्या खेपेला मी नुसती टूर घेतली आणि 'ही तर १९९७ची इमारत' म्हणून नाक मुरडून बाहेर पडलो. चूक माझीच. मूळ ग्लोब १५९९चं, आणि तेही जुन्या लाकडाचं. शोअरडिचमधल्या आधीच्या नाट्यगृहाच्या जागेचा भाडेपट्टा संपला, जमीनमालक ऐकेना, तेव्हा शेक्सपियरच्या नाटकमंडळींनी सगळं नाट्यगृहच उतरवलं आणि ते वासे-तुळया नदीपार आणून ग्लोब उभारलं. १६१३मध्ये 'आठवा हेन्री'च्या प्रयोगात तोफेचा बार काढला, ठिणगी गवती छपरावर पडली आणि सगळं खाक. एकाची तुमान पेटली, ती म्हणे बिअर ओतून विझवली! आजच्या ग्लोबलाही छप्पर गवतीच आहे. १६६६च्या लंडनमधल्या मोठ्या आगीनंतर तिथे परवानगी मिळालेलं हे पहिलंच गवती छप्पर. फक्त आता वर पाण्याचे फवारे बसवलेत.

दुसऱ्या खेपेला रंगमंचाच्या कडेला रेलून उभा राहिलो. वर उघडं आभाळ, पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत (रेनकोट न्या). दिवसाच्या उजेडात नटाला आपला चेहरा दिसतो. स्वगतात त्याने माझ्याकडे बघून प्रश्न विचारला आणि माझी मान आपोआप हलली. शाळेत शिकवलं होतं, स्वगत म्हणजे पात्र स्वतःशी बोलतं. इथे तर तो आमच्याशीच बोलत होता. जत्रेतला तमाशा पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही.

'ऑथेल्लो' लागलं असेल तर आदल्या रात्री त्याचं देवलांनी केलेलं मराठी रूपांतर 'झुंजारराव' चाळा. कथा ठाऊक असली की जुनी इंग्रजी तितकी जड जात नाही.

संध्याकाळी चालत बरो हाय स्ट्रीटवरच्या जॉर्ज इनमध्ये जा. १६७७ची लाकडी सज्ज्यांची खाणावळ आहे. चौकाच्या बाकीच्या बाजू रेल्वे कंपनीने १८८९मध्ये पाडल्या, एकच उरली. अशाच सरायांच्या चौकात पूर्वी नाटकं व्हायची, सज्ज्यांतून लोक बघायचे. ते पाहिलं की ग्लोबचा आकार लगेच उलगडतो. शिवाय इथे बसायला मिळतं, आणि तोवर पाय बोलायला लागलेले असतात.