दोन-तीन लाखांत घरी एका माणसाची पाणबुडी बनवता येईल का? जुन्या बॅरलची किंवा गॅसच्या टाकीची चालेल का?

मी भोसरीत टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम करतो. पाणबुडी स्वतः बांधलेली नाही. त्यामुळे धातूकामाचं अनुभवाने सांगतो, बाकीचं या नादातल्या हौशी लोकांचं वाचून.

बनते, अगदी बॅरलचीही बनते. बीजिंगच्या ताओ शियांगली याने २००९ मध्ये तेलाची जुनी पिंपं जोडून साडेसहा मीटर लांबीची पाणबुडी केली आणि तळ्यात चालवून दाखवली. खर्च सुमारे ३० हजार युआन. त्याच्या जिद्दीला सलाम, पण आमच्या वेल्डरला मी त्यात बसू देणार नाही.

कारण सांगतो. गॅसच्या टाकीत दाब आतून असतो. आतला दाब पत्र्याला ताणतो, थोडा पोचा असला तरी उलट गोल करायला बघतो. पाण्याचा दाब बाहेरून येतो आणि तोच पोचा आणखी आत ढकलतो. आमच्याकडे वाफेने धुतलेल्या टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून ती थंड होऊ द्यायची नाही, हा पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम आहे. आतली वाफ निवली की व्हॅक्यूम होतो आणि टाकी कागदी कपासारखी चुरगळते. आता हिशोब करा: पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे बाहेरून एक वातावरणाचा दाब, म्हणजे फक्त १० मीटर पाणी. जी टाकी रिकामी करताना जपावं लागतं, ती घेऊन तुम्ही पानशेतच्या तळाशी निघालात!

शेल, म्हणजे पाणबुडीचं बाहेरचं पोलादी कवच, किती टिकेल हे पोलादाच्या ताकदीपेक्षा जाडी, व्यास आणि गोलाईवर ठरतं. लांब सिलिंडरला बाहेरचा दाब सोसायची क्षमता जाडीच्या घनाने वाढते. जाडी दुप्पट केली तर आठपट. व्यास दुप्पट केला तर तितकीच कमी होते. म्हणून पाणबुडी अरुंद ठेवतात आणि ठरावीक अंतरावर स्टिफनर रिंगा (शेल दबू नये म्हणून आधाराची कडी) मारतात. आतल्या दाबाच्या टाकीत व्यासाच्या एक टक्का ओव्हॅलिटी, म्हणजे गोलाईतला फरक, चालून जाते. इथे त्यापेक्षा काटेकोर रोलिंग (प्लेट गोल वळवणं) लागेल, आणि रोलिंगवाला त्याचे वेगळे पैसे मागेल. द्या.

प्लेटमध्ये काटकसर करू नका, हे मी नुसतं भीतीपोटी म्हणत नाही. समजा शेल ८० सेंटिमीटर व्यासाचं, २ मीटर लांबीचं. त्याचं आकारमान साधारण एक घनमीटर, म्हणजे बुडायला सगळं मिळून एक टन वजन हवंच. ६ मिलीमीटर प्लेटचं शेल जेमतेम ३०० किलो भरतं. तुम्ही आणि बॅटऱ्या धरल्या तरी निम्म्याच्या आसपास वजन कमी पडतं, ते शिसं भरून पुरं करावं लागतं. शिसं पोलादापेक्षा महाग. मग १० मिलीमीटर प्लेट का घेऊ नये? ताकद साडेचारपट, आणि शिशाचे पैसे वाचले. (समुद्रात न्यायची झाली तर खाऱ्या पाण्यासाठी आणखी २५ किलो टाकावे लागतील.)

एक गैरसमज आमच्या धंद्यातले लोकही करतात. हायड्रो टेस्ट (आत दाबाने पाणी भरून घेतलेली चाचणी) पास झाली म्हणजे झालं, असं नाही. ती टेस्ट आतून दाब देते, त्यातून वेल्डिंगची गळती कळते, शेल बाहेरून दबेल का हे कळत नाही. त्यासाठी माणसाऐवजी वजन भरलेली पाणबुडी दोराने ठरलेल्या खोलीच्या दीडपट खोल सोडून काही तास ठेवायची आणि वर काढून पुन्हा मापं घ्यायची. एक टनाचं धूड आहे, हायड्रा क्रेन आणि ट्रेलर लागणार. तुमच्या बजेटमध्ये ते धरलेलं दिसत नाही.

हॅच, म्हणजे आत-बाहेर करायचं दार, ५० सेंटिमीटरचा असेल तर एक मीटर खोलीवरही झाकणावर सुमारे २०० किलो भार असतो, १० मीटरवर दोन टन. आतून ढकलून उघडणार नाही. बाहेर पडायचं तर आत पाणी घेऊन दाब सारखा करावा लागतो, तोवर श्वासासाठी छोटा स्कूबा सिलिंडर जवळ हवा. म्हणून आतून हाताने बोल्ट फिरवून सोडता येणारं वजन तळाला लावतात, विजेवर न चालणारं; ते सोडलं की पाणबुडी आपोआप वर येते. हे नसेल तर पुढचं वाचू नका.

हवेचं लोक ऑक्सिजनवरून मोजतात, तिथे फसतात. ८०० लिटर हवेत एक माणूस तासाभर बसला तर ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उरतो, तेवढा चालतो. पण कार्बन डायऑक्साइड अडीच टक्क्यांवर जातो, डोकं दुखतं, धाप लागते, आणि पुढे विचारच नीट होत नाही. उपाय स्वस्त आहे: भूल देण्याच्या मशीनमध्ये वापरतात तो कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम आणि त्यातून हवा खेळवणारा छोटा पंखा.

पैसे वाचवायला जागा आहेत. बॅलास्ट टाक्या (पाणी भरून बुडायला आणि हवा भरून वर यायला) खालून उघड्या असतात, आतबाहेर दाब सारखाच, त्यामुळे तुमचे बॅरल तिथे खुशाल वापरा. मासेमारीच्या बोटीची इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, आत पाणी शिरू नये म्हणून तेल भरून, पाण्याखाली वापरता येते. आणि डिझाइन स्वतः शोधू नका. अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेल्या जॉर्ज किट्रिज यांच्या के-२५० या डिझाइनवर हौशी लोकांनी बऱ्याच पाणबुड्या बांधल्यात; २५० म्हणजे फुटांत खोली, साधारण ७६ मीटर. कार्ल स्टॅन्ली याने तर पंधराव्या वर्षी पहिली पाणबुडी बांधायला घेतली आणि आज होंडुरासच्या रोआतानला तो पर्यटकांना खोल समुद्रात नेतो. २०१९ मध्ये ओशनगेट कंपनीच्या टायटन या पाणबुडीतून बुडी मारताना कार्बन फायबरचे आवाज ऐकून त्यानेच कंपनीला सावध केलं होतं. २०२३ मध्ये टायटन पाच जणांसह चिरडली.

तर दोन-तीन लाखांत माणूस बसेल अशी कोरडी (आत पाणी नसलेली) पाणबुडी मी करणार नाही. त्या पैशात केबलवर चालणारा, कॅमेरा लावलेला पाण्याखालचा रोबो छान होतो, आणि गळती, बॅलन्स, मोटर हे सगळं त्यावर शिकता येतं. शेलच करायचं ठरलं तर के-२५०चं ड्रॉइंग घेऊन या, प्लेट आणि रोलिंगचा अंदाज काढून देतो. धरणात काहीही उतरवण्याआधी मात्र जलसंपदा विभागाची लेखी परवानगी काढा.