मुलाच्या फुटबॉलसाठी जर्मनीला यावं का?

भावोजी, तुमचं पत्र नीट वाचलं. आमच्या इथल्या, जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या केमिकल कंपनीची ऑफर हातात आहे आणि महिनाभरात उत्तर द्यायचंय. मुलगा अकरा वर्षांचा, ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर पकडून नेरुळला सरावाला जातो. तुम्ही स्वतः 2014 च्या वर्ल्डकपची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल रात्री दीडला जागून पाहिलीत, तेव्हापासून जर्मनीचा स्ट्रायकर मिरोस्लाव्ह क्लोजे याचे चाहते. पगार, घरभाडं, शाळा हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी मनातला प्रश्न आलाच: क्लोजे आठ वर्षांचा असताना पोलंडहून आला आणि जर्मनीकडून खेळला, मग आमच्या मुलाला तशी संधी आहे का, आणि त्यासाठी म्हणून यावं का?

संधी आहे. त्यासाठी म्हणून मात्र येऊ नका.

पहिलं कारण फिफाच्या नियमातच आहे. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदवता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला तुमच्या उपयोगाचा एकच: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला आलेले असले पाहिजेत. म्हणजे तुमचा नोकरीचा करार हाच मुलाच्या फुटबॉलचा मुख्य कागद. इथला क्लब तो मागेल, गावच्या कचेरीत पत्ता नोंदवल्याचा दाखला मागेल, मुलाचा जन्मदाखला आणि पासपोर्ट मागेल. दहा वर्षांवरच्या मुलांना आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेटही लागतं, ते जर्मन फुटबॉल संघटना आपल्या एआयएफएफकडून, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून मागवते. हे सगळं होईपर्यंत मूल सराव करतं, पण शनिवारी मॅच सुरू झाली की जॅकेट घालून कडेला उभं राहतं. आमच्या चिरंजीवांचे ते आठवडे फार जड गेले, तुम्ही मनाची तयारी ठेवा.

याच नियमामुळे एक कळकळीची विनंती. आपल्याकडे मैदानांच्या गेटवर ‘युरोपात ट्रायल’ म्हणत फिरणारे लोक आहेत. माझ्या ओळखीच्या एका घराने असे बरेच पैसे भरले. मुलगा एक स्पर्धा खेळला, स्टेडियमबाहेर फोटो काढले आणि परत आला. चौदा-पंधरा वर्षांच्या भारतीय मुलाला ट्रायल कितीही चांगली गेली तरी तो क्लब नोंदवून घेऊ शकत नाही, आणि हे त्या एजंटला पक्कं ठाऊक असतं. तुमची ऑफर पुढेमागे रद्द झाली तरी त्या वाटेला जाऊ नका.

आता राष्ट्रीय संघाचं. त्यासाठी पासपोर्ट हवा, आणि जन्माने किंवा आईवडील-आजीआजोबांमुळे नातं नसेल तर वास्तव्यही हवं. दहा ते अठरा या वयात आलेल्या मुलाला पाच वर्षं राहावं लागतं, शिवाय त्या देशाच्या संघात खेळण्यासाठी आलो नव्हतो हे दाखवावं लागतं. जर्मन नागरिकत्वासाठीही जून 2024 पासून आठऐवजी पाच वर्षं पुरतात. तुम्हाला बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन भाषा आणि 33 प्रश्नांची परीक्षा द्यावी लागेल, त्यात 17 बरोबर आले की झालं. मुलाचा अर्ज तुमच्याबरोबर जातो. म्हणजे सोळा-सतरा वर्षांचा होईतो कागदोपत्री अडचण राहणार नाही.

अडचण आपल्या बाजूला आहे. जर्मनी आता दुसरं नागरिकत्व ठेवू देते, भारत देत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते, पण 2008 मध्ये सरकारने ठरवल्यापासून भारतीय पासपोर्ट नसलेल्याला भारताच्या संघात जागा नाही. इझुमी अराता तुम्हाला आठवत असेल, आपल्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून खेळायचा. वडील भारतीय, आई जपानी, जन्म जपानचा. भारताकडून खेळायला त्याने जपानी नागरिकत्व सोडलं, 2012 मध्ये भारतीय झाला आणि 2013 मध्ये निळी जर्सी घातली. ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेल्या रायन विल्यम्सनेही 2025 मध्ये तेच केलं. त्याची आई मुंबईत जन्मलेली. दोघेही कर्ते झाल्यावर स्वतः ठरवून आले. तुमचा मुलगा तेव्हा सोळाचा असेल, त्याचा निर्णय तुम्ही घेऊन टाकू नका. तुम्हाला स्वतःला कायमचा राहण्याचा परवाना त्याआधीच मिळेल, त्यामुळे नागरिकत्वाची घाई करायचं कारण नाही. त्याला कुठला पासपोर्ट हवा हे त्याला कळू लागेपर्यंत थांबता येतं.

आणि क्लोजे! तुम्ही त्याचे 16 वर्ल्डकप गोल मला तोंडपाठ म्हणून दाखवाल: 2002 मध्ये पाच, 2006 मध्ये पाच, 2010 मध्ये चार, 2014 मध्ये दोन. मला त्याच्या कारकिर्दीचा त्याआधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि तो आमच्याच भागात घडला. लुडविग्सहाफेनहून गाडीने पश्चिमेला निघालं की साधारण तासाभरात कूसेल लागतं. पोलंडच्या ओपोलेत जन्मलेला हा मुलगा 1986 मध्ये तिथे आला. येताना त्याला जर्मनचे दोन शब्द येत होते. घरात खेळ होता: वडील फ्रान्समध्ये ओसेर क्लबाकडून फुटबॉल खेळलेले, आई पोलंडच्या हँडबॉल संघातली. शिवाय ते कुटुंब जर्मन वंशाचं म्हणून आलं, त्यामुळे नागरिकत्वाचा हक्क त्यांच्याकडे होताच. तुमची वाट ती नाही, हा फरक ध्यानात ठेवा.

पण पुढे जे झालं ते तुमच्या मुलाला लागू पडतं. क्लोजे कुठल्या मोठ्या क्लबाच्या अकादमीत वाढला नाही. ब्लाउबाख-डीडेलकोप्फ नावाच्या खेडेगावच्या क्लबात तो वीस वर्षांचा होईपर्यंत खेळला, आणि त्याच काळात सुतारकाम शिकला, छपरं बांधणारं सुतारकाम. 1998 मध्ये होम्बुर्ग, 1999 मध्ये कायझर्सलाउटर्नचा दुसरा संघ, 2000 मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सगळ्यात वरची लीग. तेव्हा तो बाविशीला टेकला होता. मार्च 2001 मध्ये अल्बानियाविरुद्ध जर्मनीकडून पहिल्यांदा उतरला आणि शेवटच्या मिनिटांत हेडरने सामना जिंकून दिला. पुढच्या वर्षी वर्ल्डकपमध्ये पाच गोल, पाचही डोक्याने. निवृत्त झाला तेव्हा 137 सामने आणि 71 गोल, जर्मनीच्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त. ज्या वयात आपल्याकडे ‘याचं आता काही होत नाही’ म्हणून मुलाचे बूट माळ्यावर टाकतात, त्या वयात तो दिवसा छपरावर आणि संध्याकाळी गावच्या मैदानावर होता. हातात धंदा होता म्हणून त्याला फुटबॉलची घाई करावी लागली नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे इथे शक्य होतं कारण गावोगाव क्लब आहेत. आमच्या क्लबाची वर्षाची वर्गणी चांगल्या बुटांच्या एका जोडीपेक्षा कमी आहे. प्रशिक्षक दिवसभर आपापली नोकरी करून येतात, त्यातले एक फायर ब्रिगेडमध्ये आहेत. जर्सी क्लबाच्या. मॅच संपली की सगळ्या जर्सी एका मोठ्या निळ्या बॅगेत कोंबतात आणि ज्यांची पाळी असेल ते आईबाप ती घरी नेतात. नोव्हेंबरात ती बॅग उघडली की आधी अंगणात चिखल झाडावा लागतो, मग मोज्यांच्या जोड्या लावायच्या, नंबर मोजायचे, आणि पुढच्या सरावाआधी सगळं वाळवून द्यायचं. स्पर्धा असली की कुणी केक आणतं, कुणी सॉसेज भाजायला उभं राहतं. मी भाजणीचे वडे नेले होते, ते पहिल्या सामन्याआधीच संपले. ही पाळी चुकवू नका. तुमच्या बायकोला, म्हणजे माझ्या मैत्रिणीला, पहिल्या हिवाळ्यात ओळखी मिळतील त्या याच सॉसेजच्या शेगडीभोवती.

मुलगा डी-युगेंड या त्याच्या वयाच्या गटात जाईल, तिथे छोट्या मैदानावर नऊ-नऊ जण खेळतात. गुणवान असेल तर तो दिसल्याशिवाय राहणार नाही. 2000 च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटातच गारद झाल्यावर जर्मन संघटनेने देशभर शेकडो केंद्रं काढली. तिथे गावच्या क्लबांतली निवडक मुलं आठवड्यातून एकदा जादा सरावाला जातात, फुकट. तिथून पुढे बुंडेसलीगा क्लबांच्या अकादम्या. त्या मागे धावून सापडत नाहीत, त्यांची माणसं गावच्या मॅचना येऊन बसतात.

भाषेवर मात्र आजपासून मेहनत घ्या. अकराव्या वर्षी आलेल्या मुलाला क्लोजेएवढा वेळ नाही, कारण इथे चौथीनंतर शाळांच्या वाटा वेगळ्या होतात आणि जर्मन कच्चं असलं की हुशार मूलही खालच्या वाटेला लागू शकतं. पाचवी-सहावीत वाट बदलता येते, ती दोन वर्षं सोन्यासारखी वापरा. मैदानावरही तेच. मागून माणूस येतोय, सोड, एकटा आहेस वळ, हे सोबती क्षणभरात ओरडतात आणि क्षणभरात कळावं लागतं. माझा मुलगा पहिले काही महिने चेंडू मिळाला की आधी मान वर करून सगळ्यांकडे बघायचा, तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. भाषा आली आणि तोच मुलगा वर्षभरात मधल्या फळीत खेळायला लागला. घरात मराठीच बोला. क्लोजे आणि त्याच्यासारखाच पोलंडमध्ये जन्मलेला पोडोल्स्की जर्मनीची जर्सी घालून आपसात पोलिश बोलत, त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

धाकटीबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत, ती सात वर्षांची ना? तिलाही क्लबात घाला. फातमिरे बायरामाय कोसोवोहून लहानपणी निर्वासित म्हणून इथे आली. वडिलांना मुलीने फुटबॉल खेळणं पसंत नव्हतं, ती चोरून जायची. 2007 मध्ये तिने जर्मनीबरोबर वर्ल्डकप जिंकला. आपल्या डी. वाय. पाटीलला 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल झाली, नेरुळला जाता-येता ते स्टेडियम रोज दिसतं. लेकीला एकदा तरी तिथल्या मैदानांवर खेळायला कुणी नेलंय का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

यायचं ठरलं तर जुलैत या. ऑगस्टमध्ये शाळा आणि फुटबॉलचा हंगाम जवळपास एकत्र सुरू होतात. जन्मदाखल्यावर मुलांचं पूर्ण नाव आहे का बघा. आपल्याकडे बारशाआधी नोंद झालेल्या दाखल्यांवर बऱ्याचदा नावच नसतं, ते महापालिकेतून आत्ताच घालून घ्या. मुलाची एआयएफएफकडे नोंदणी झाली असेल तर अकादमीकडून त्याचा नंबर मागून ठेवा. हिवाळ्यात हॉलमध्ये खेळतात, त्यासाठी सपाट तळाचे बूट लागतील, ते इथेच घेऊ. आणि ऑफरवर सही करण्याआधी रविवारी फोन करा. आकडा मोठा दिसतो, पण कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून चौघांच्या घरात नेमकं किती उरतं ते एकदा सोबत बसून बघू.