गावात सामूहिक हल्ला झाला. वाचलेल्या कुटुंबाला आम्ही गावकरी कशी मदत करू शकतो?

आधी एक विनंती: “काय झालं, कसं झालं” हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. येणारा प्रत्येक पुढारी, पत्रकार तेच विचारतो. घरातली एखादी विश्वासाची बाई सोबत बसवा, बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

मग शेताकडे बघा. वेचणीला आलेला कापूस थांबत नाही, आणि बहिष्काराच्या भीतीनं मजूर फिरकत नाहीत. चार घरांनी मिळून वेचून दिला, तर तो कुटुंबाला आधार होतो आणि गावालाही कळतं की ते एकटे नाहीत. रेशन, पाणी, पोरांची शाळा अडते का, तेही पाहा.

खैरलांजीत (भंडारा) २९ सप्टेंबर २००६ ला जमावाच्या हल्ल्यात एकाच दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. खटले वर्षानुवर्षं चालतात, साक्षीदार थकतात. प्रकरण ॲट्रॉसिटीचं (दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराचं) असेल, तर १९८९ च्या कायद्याखाली नुकसानभरपाई, संरक्षण आणि साक्षीदारांना प्रवासखर्च मिळतो. तो हक्क आहे, उपकार नव्हे. एफआयआरची प्रत मोफत घ्या. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. झोप उडाली, धडकी भरत असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आधाराची सरकारी हेल्पलाइन, फोन १४४१६.

“आता मिटवून घ्या” असा दबाव मात्र कुणी आणू नये, तंटामुक्ती समितीनंही नाही.