पोटाच्या सोनोग्राफीत अन्ननलिकेभोवतीच्या फुगलेल्या शिरा दिसत नाहीत का?

वडिलांना सिरोसिस, म्हणजे यकृत निबर होण्याचा आजार, आहे, पोटाची सोनोग्राफी झाली, तरी डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. मग सोनोग्राफी केली कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करते, म्हणजे टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असलेली दुर्बीण वापरते. त्यामुळे या शिरांशी रोजचाच संबंध येतो.

पोटावरून त्या नीट दिसत नाहीत. अन्ननलिका छातीत, मणक्यापुढे आणि हृदयामागे. शेजारी फुफ्फुसं, म्हणजे हवा, आणि हवेवरून ध्वनिलहरी जवळजवळ सगळ्या परत फिरतात. जठराला मिळणारा शेवटचा तुकडा यकृताच्या डाव्या भागाआडून ओझरता दिसतो, पण त्यावर कोणी निर्णय घेत नाही.

तरी ती सोनोग्राफी वाया गेलेली नाही. सिरोसिसमध्ये यकृतातून रक्ताला वाट मिळेनाशी होते, पोर्टल व्हेनमधला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाब वाढतो आणि रक्त जठराच्या लेफ्ट गॅस्ट्रिक व्हेनमधून उलटं वर अन्ननलिकेकडे वळतं. तिथून ते अझायगस व्हेनमार्गे, म्हणजे छातीत मणक्यालगत असणाऱ्या शिरेतून, हृदयाकडे जातं. रिपोर्टमध्ये पोर्टल व्हेन 13 मिमीपेक्षा रुंद, प्लीहा वाढलेली, डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) प्रवाह उलटा असं काही लिहिलं असेल, तर दाब वाढल्याच्या त्या खुणा आहेत. शिरा किती फुगल्यात, हे मात्र त्यातून कळत नाही.

आता आतून. प्रोब अन्ननलिकेत गेला की पडद्यावर भिंतीचे थर पांढरे-काळे, पांढरे-काळे असे कड्यांसारखे उमटतात. एका बाजूला महाधमनीचं मोठं काळं वर्तुळ, तिच्याजवळ अझायगसचं छोटं. भिंतीतल्या काळ्या कड्याच्या, म्हणजे स्नायूच्या, आत काळी भोकं दिसली आणि डॉपलर लावताच त्यांत रंग भरला, तर त्या आतल्या शिरा, ज्यांना आपण व्हेरिसेस म्हणतो. तसलीच भोकं स्नायूच्या बाहेरही असतात. काही अगदी चिकटून, काही जरा लांब आणि बऱ्याचदा मोठी. कधी कधी स्नायू भेदून आतल्या-बाहेरच्या शिरा जोडणारी बारीक शीरही सापडते. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच. बँडिंगनंतर, म्हणजे शिरांना रबरी कडी घालून त्या बंद केल्यावर, साध्या दुर्बिणीला आतली बाजू स्वच्छ दिसते, पण बाहेर जाड शिरा आणि असे जोड शिल्लक असतील तर आतल्या शिरा पुन्हा भरण्याची शक्यता जास्त.

मग सगळ्यांना हीच तपासणी का नाही? कारण पहिल्या तपासणीला साधी दुर्बीणच सरस. प्रोबवरचा पाण्याचा फुगा जरा जास्त भरला की शिरा दाबल्या जातात आणि चक्क गायब होतात. शिवाय शिरेवरचे लाल चट्टे, जे रक्तस्रावाचा धोका सांगतात, ते डोळ्यांनीच दिसतात. सोनोग्राफीला रंग कळत नाही. (डॉपलरचा लाल-निळा रंग मशीन भरतं, तो प्रवाहाची दिशा दाखवायला.) जठराच्या वरच्या भागातली जाड घडी ही नुसती घडी आहे की शीर, असा संशय आला तर मात्र माझ्याकडे पाठवतात, आणि तिथे डॉपलर लगेच सांगतो.

वडिलांना आधी साधी दुर्बीण, हे डॉक्टरांचं बरोबर वाटतं. फक्त फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, झालाय का ते विचारा. पोर्टल व्हेनच्या वाढलेल्या दाबाबद्दल तज्ज्ञांनी ठरवलेल्या 2015 च्या बाव्हेनो निकषांप्रमाणे, पोटात पाणी होणं, कावीळ असलं काही न झालेल्या रुग्णात तो आकडा 20 किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील, तर दुर्बीण तूर्त टाळता येते. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तर यातलं काहीच न बघता थेट इमर्जन्सीत न्या.