लहानपणी घेतलेला बाप्तिस्मा खरा होता का, परत घेऊ का?

बाप्टिस्ट मंडळीत वाढलेल्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. एक मुलगी आली होती, पंचविशीतली (तपशील बदललेत). नवव्या वर्षी बाप्तिस्मा झालेला. म्हणाली, ताई, मैत्रिणी घेत होत्या म्हणून मी पण घेतला, पाप बिप काय कळत होतं तेव्हा, मग तो धरायचा का? परत घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं, पण परत घेऊनही शंका गेली नाही तर काय, याचंच टेन्शन.

मला तर तिची ती भीतीच जास्त बरोबर वाटली. आपल्या बाप्टिस्टांकडे आधी स्वतःचा विश्वास, मग बाप्तिस्म्याचं पाणी, त्यामुळे "तेव्हा विश्वास होता का" हे माणूस उकरत बसणारच. अहो, बाप्टिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन स्मिथचंच बघा ना, 1609 साली अॅमस्टरडॅममध्ये त्याने आधी स्वतःला बाप्तिस्मा दिला, मग बाकीच्यांना, आणि थोड्याच दिवसांत त्यालाच वाटायला लागलं की हे चुकलं, आणि तो मेनोनाइट लोकांकडे (तेही विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा देणारे) आम्हाला घ्या म्हणून गेला. त्याचा साथीदार थॉमस हेल्विस, त्याला हे पटलं नाही, तो वेगळा झाला आणि इंग्लंडला परतला.

मी तिला "किती कळत होतं" हे विचारलंच नाही, तेव्हा भरवसा कोणावर होता एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, आईशी खोटं बोलले होते, रात्री येशूकडे माफी मागितली होती, आणि त्याने केलं माफ असं खरंच वाटलं होतं. मग झालं की! नऊ वर्षांच्या पोरीचा विश्वास नऊ वर्षांचाच असणार. 1689 च्या बाप्टिस्ट विश्वासकबुलीत तर स्पष्ट आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही आपलं तारण झाल्याची खात्री मिळायला खूप वेळ लागू शकतो, झगडावं लागू शकतं.

हां, पण तीच प्रार्थना दिवसातून वीस वेळा, तीच कबुली पुन्हा पुन्हा असं होत असेल तर पास्टरांसोबत मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा, त्यात लाजायचं काही नाही.

तिने परत घेतला नाही. शंका अजून येते म्हणते, पण पूर्वी प्रभूभोजन (येशूच्या आठवणीचा भाकर-द्राक्षरसाचा विधी) टाळायची, ते आता घेते.

दुसऱ्या एकाला मात्र मी उलटं सांगितलं. कॉलेज संपेपर्यंत माझा कशावरच विश्वास नव्हता, घरच्यांसाठी पाण्यात उतरलो, असं तो सरळ म्हणाला. बायबलमधल्या इफिस गावच्या शिष्यांचा आधी योहानाचा (येशूच्या आधी पश्चात्तापाचा) बाप्तिस्मा झालेला होता, तरी पौलाचं ऐकल्यावर त्यांनी येशूच्या नावाने घेतलाच की (प्रेषितांची कृत्ये 19). त्याला म्हटलं, पास्टरांशी बोल, तुझा हा पहिलाच खरा बाप्तिस्मा असेल.