एका लेव्हलसाठी तीन आठवडे

सोलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"मुलगा अकरावी सायन्सला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने सुपर मारिओ ब्रदर्सच्या एका लेव्हलवर तीन आठवडे घालवले. खेळत नव्हता, गेम थांबवून थांबवून वहीत आकडे लिहीत होता. शेवटी आनंदाने ओरडला, 'आई, बारा फ्रेम वाचल्या!' म्हणजे किती, तर म्हणे सेकंदाचा पाचवा हिस्सा. ह्याचे वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर आहेत, मागांची देखभाल-दुरुस्ती बघतात. ते म्हणतात, हा हाताने खेळतच नाही, मग कसला विक्रम, ही तर चीटिंग. पहिल्या चाचणीत गणितात पंचवीसपैकी अकरा मिळाले. एका खासगी संस्थेने गेमिंगच्या कोर्सची साडेतीन लाख फी सांगितली आहे. कर्ज काढून भरावी का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. भरू नका. कारण पुढे सांगते, पण त्याआधी मुलगा नेमकं काय करतो ते समजून घेऊ. ते समजलं नाही तर त्याला दिलेला कुठलाही सल्ला अंदाजपंचेच होईल.

तो जे करतो त्याला टूल-असिस्टेड स्पीडरन म्हणतात, म्हणजे साधनांच्या मदतीने गेम कमीत कमी वेळात संपवणारी धाव; त्या मंडळींच्या बोलीत 'टास'. मारिओचा तो गेम १९८५ चा. तो ज्या यंत्रावर चालायचा त्याची कामाची मेमरी अवघी दोन किलोबाइट. तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटो त्याच्या हजारपट जागा खातो. यंत्र सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. प्रत्येक फ्रेमला ते रिमोटकडे बघतं आणि आठ बटणांपैकी कुठली दाबलेली आहेत तेवढं टिपून घेतं. बस्स. बाहेरून गेमला एवढीच माहिती मिळते. बटणांचा तोच क्रम पुन्हा दिला की गेम हुबेहूब तसाच घडतो. शत्रू कुठून येणार हे आपल्याला नशिबावर वाटतं, पण तेही आकडेमोडीतूनच निघतं.

तुमचा मुलगा संगणकावर त्या यंत्राची नक्कल चालवतो, तिला एम्युलेटर म्हणतात. त्यात गेम एकेक फ्रेम पुढे सरकवता येतो, कुठल्याही क्षणी जपून ठेवता येतो, चुकला की त्या क्षणावर परत जाता येतं आणि मेमरीतले आकडे उघडे दिसतात. मारिओचा वेग किती, तो नेमका कुठल्या बिंदूवर उभा आहे, सगळं. हजारो वेळा मागे जाऊन शेवटी उरते ती बटणांची यादी. पाच मिनिटांच्या खेळाची सुमारे १८ हजार ओळींची.

आता ही गोष्ट त्याच्या वडिलांना सांगायला मला फारच सोपी जाणार आहे. दादा, तुमच्या जॅकार्ड मागावर भोकं पाडलेली कार्डं माळेसारखी फिरतात ना? एका कार्डाने एका आडव्या धाग्याला कुठले उभे धागे वर उचलायचे ते ठरतं. पोराची फाइल तीच माळ आहे. एक ओळ म्हणजे एक कार्ड. चादरीवर मोर उमटला तर तो हाताने काढला नाही म्हणून खोटा, असं कोणी म्हणत नाही. आणि मोराची चोच वाकडी आली की शेकडो कार्डांतून चुकलेलं एक कार्ड हुडकणारा माणूस कारखान्यात कोण असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तरी 'चीटिंग' हा आरोप मी उडवून लावणार नाही, कारण तो जुना आहे आणि त्यात थोडं तथ्य आहे. २००३ मध्ये मोरिमोतो या नावाने एका जपानी गड्याचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा व्हिडिओ जगभर फिरला. अकरा मिनिटांत गेम फस्त. पुष्कळ लोकांना वाटलं, हा माणूस हाताने असं खेळतो. एम्युलेटरवर मागे-पुढे करत तो बनवला होता हे कळल्यावर चिडचिड झाली, फसवल्याची भावना झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिस्क्विट नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या एका प्रोग्रॅमरने अशा धावांसाठी इंटरनेटवर वेगळी जागा उभी केली. तिचंच पुढे टासव्हिडिओज झालं. तिथे दर धावेबरोबर ती कशी बनवली हे लिहून द्यावं लागतं, परीक्षक ती तपासतात, नाकारतातही. हाताने खेळलेल्या विक्रमांची यादी वेगळी, ही वेगळी. तेव्हा दादा, तुमचा मुलगा 'हे मी हाताने खेळलो' असं कुठे म्हणाला असेल तर कान पिळा. म्हणाला नसेल तर तो शब्द मागे घ्या.

उलट याच हत्यारांनी खोटेपणा उघडा पडल्याचंही उदाहरण आहे. अटारी या जुन्या गेमयंत्रावर ड्रॅगस्टर नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता, १९८० चा. त्यात १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा एक विक्रम नोंदलेला होता आणि तो पस्तीस वर्षं कोणाला मोडता आला नाही. २०१७ मध्ये एका अभ्यासकाने गेमचा कोड उलगडून हिशेब मांडला: अगदी अचूक बटणं दाबली तरी या गेममध्ये ५.५७ च्या खाली जाता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये गेमच्या विक्रमांची नोंद ठेवणारी ट्विन गॅलक्सीज ही संस्था आणि गिनेस, दोघांनी ती नोंद काढून टाकली. 'मला जमलं नाही' आणि 'हे कोणालाच जमणार नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य म्हणायला सिद्धता लागते, आणि तुमचा मुलगा दिवाळीत वहीत जे लिहीत होता ते त्या सिद्धतेच्याच जातीचं होतं.

आता करिअर. आधी कटू भाग: या कामाचा पगार कोणी देत नाही. टास बनवणारी माणसं नोकरीधंदा सांभाळून ते करतात. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मदतनिधीच्या एका मोठ्या कार्यक्रमात टासबॉट नावाच्या यंत्राने सुपर निन्टेंडो या खऱ्या गेमयंत्राला रिमोटच्या वायरीतून बटणं पुरवली आणि सुपर मारिओ वर्ल्ड या गेमच्या पोटात चक्क पाँग आणि स्नेक हे दुसरे दोन गेम चालवून दाखवले. लोक वेडे झाले. पण जमलेले पैसे धर्मादायाला गेले, करणाऱ्यांच्या खिशात नव्हे.

तरीही तो प्रसंग मी मुद्दाम सांगितला, कारण तिथे जे घडलं त्यात नोकऱ्या दडल्या आहेत. गेमच्या मेमरीत एक चूक होती. त्या चुकीतून शिरून बटणांच्या दाबांनाच यंत्राने आज्ञा समजावं, अशी वेळ त्याच्यावर आणली गेली. बँकेच्या, दवाखान्याच्या, गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कुळातली चूक सापडली की तिला सुरक्षेतलं भगदाड म्हणतात, आणि ती चोराच्या आधी शोधणाऱ्याला पगार मिळतो. दुसरा रस्ता चाचणीचा. कुठल्याही कंपनीत टेस्टर 'कधीकधी बंद पडतं' असं सांगतो तेव्हा इंजिनिअर डोकं धरून बसतो. 'या अवस्थेत, या क्रमाने, या क्षणी हे दाबलं की दर वेळी बंद पडतं' असं सांगणारा माणूस सोन्याचा. तुमच्या मुलाला दुसऱ्या प्रकारे बोलायची सवय आपसूक लागली आहे. तिसरा रस्ता चिपचा. चिप कारखान्यात जाण्याआधी तिचं वागणं घड्याळाच्या एकेका ठोक्याने तपासावं लागतं, त्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. पुण्या-बंगळुरात हे काम बरंच चालतं. माझ्या मते याचा स्वभाव या तिसऱ्या कामाला सर्वांत जुळेल, पण सतराव्या वर्षी कुणाच्या कपाळावर शिक्का मारू नये.

संशोधनही आहे. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये गो-एक्स्प्लोअर नावाच्या पद्धतीवर लेख आला. यंत्राला अटारीचे अवघड गेम शिकवायचे तर आधी जिथवर पोचलो त्या जागी नेमकं परत जा आणि मग पुढे शोध घे, ही त्यातली मुख्य कल्पना. म्हणजे गेम जपून ठेवणं आणि मागे जाणं. पोरगा हे वाचून हसेल, 'हे तर आम्ही कधीपासून करतो' म्हणेल. म्हणू दे.

आता त्या साडेतीन लाखांबद्दल. गेमिंगचे पुष्कळ कोर्स म्हणजे चित्रं, थ्री-डी मॉडेलं आणि तयार सॉफ्टवेअर वापरायला शिकवणारे वर्ग असतात. ज्याला चित्रकलेची ओढ आहे त्याला त्यांचा उपयोगही होतो. तुमच्या पत्रात मुलाने चित्र काढल्याचा एकही उल्लेख नाही. त्याला गेम बनवायचा नाही, तो उसवून बघायचा आहे. ही दोन टोकं आहेत, आणि मी स्वतः एकदा यात चुकले आहे. अशाच एका मुलाला 'गेम आवडतात ना, मग गेम डिझाइन कर' म्हणून मोकळी झाले होते. दीड वर्षाने तो कोर्स सोडून परत आला, वडिलांचे पैसे मात्र परत आले नाहीत. तेव्हापासून मी 'काय आवडतं' विचारत नाही, 'त्यात नेमकं काय करत बसतोस' विचारते.

तेव्हा सरळ वाट धरा. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सचं इंजिनिअरिंग, नाही जमलं तर त्याच विषयांत बीएस्सी. इंजिनिअरिंगनंतर सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या संगणकांचा, पदविका अभ्यासक्रमही आहे. यातलं काही घर गहाण टाकून करण्यासारखं नाही.

अडचण एकच, ते पंचवीसपैकी अकरा. एमएचटी-सीईटीच्या सध्याच्या रचनेत पीसीएम गटाला २०० गुण असतात आणि त्यातले १०० एकट्या गणिताचे. प्रश्न फारसे अकरावीचे नसतात हे खरं, साधारण २० टक्के अकरावीचे आणि उरलेले बारावीचे. पण बारावीचं गणित अकरावीच्या खांद्यावर उभं असतं. इथे लाड नकोत. लॅपटॉप काढून घेऊ नका, तसं केलंत तर तो मित्राकडे जाऊन बसेल. वेळ बांधून द्या. रात्री अकरानंतर नाही, आणि गणिताची वही आधी, मारिओची नंतर. गेमच्या प्रती कुठून आणतो तेही एकदा विचारा. एम्युलेटर वापरणं ही एक गोष्ट, गेमची चोरटी नक्कल उतरवणं ही दुसरी, आणि हा फरक त्याला आताच कळलेला बरा.

आता थोडं तुझ्याशी, बाळा. आईने पत्र तुला न सांगता लिहिलं आहे, तिच्यावर रागावू नकोस.

तुझ्या बारा फ्रेमबद्दल मला एक शंका आहे. तुला एकवीस फ्रेमचा नियम माहीत असणारच. आई-बाबांसाठी सांगते: या गेममध्ये लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही. गेम दर २१ फ्रेमनी एकदाच बघतो की पुढे जायचं का. ही मंडळी त्याला बसची उपमा देतात. सोलापूर स्टँडवर तुम्ही पाच मिनिटं आधी पोचलात म्हणून पुण्याची एसटी आधी सुटत नाही. आधीची गाडी गाठण्याइतके लवकर पोचलात तरच फायदा. म्हणजे बारा फ्रेम वाचवून कधी पूर्ण एकवीस पदरात पडतात, कधी शून्य. फक्त अगदी शेवटच्या, ८-४ या लेव्हलला ही बस नाही. तिथे एकेक फ्रेम खरी. २०२१ मध्ये हाताने खेळणाऱ्या माणसाने हा गेम पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला, तोही कुठल्या लेव्हलला कुठली बस गाठता येते याचा वर्षानुवर्षं हिशेब करून.

तू लिहितोस तो हिशेब गणितच आहे. २१ ने भागून बाकी किती उरते हे तू दिवाळीत शंभर वेळा काढलं असशील. मग चाचणीत अकरा का? माझा अंदाज असा की मारिओच्या वेळी तू चुकलास की मागे जाऊन नेमकं कुठे बिनसलं ते बघतोस, आणि गणिताचं उदाहरण चुकलं की पान उलटतोस. चाचणीची उत्तरपत्रिका घे. चुकलेलं प्रत्येक उदाहरण जिथपर्यंत बरोबर होतं त्या ओळीपर्यंत मागे जा आणि तिथून पुन्हा सोडव. तीन आठवडे एका लेव्हलला देणाऱ्याला एक आठवडा त्रिकोणमितीला देता येतो.

दुसरं काम. त्या लेव्हलवर दोन पानं लिही. मराठीत चालेल. आधी काय समजत होतास, काय करून पाहिलं, काय फसलं, बारा फ्रेम कुठून निघाल्या. बाबांना कळेल असं लिही आणि त्यांनाच वाचायला दे. पुढे कुठल्याही मुलाखतीत 'मला गेमची आवड आहे' या वाक्याला काही किंमत नसते, अशा दोन पानांना असते. सोबत सी ही भाषा शिकायला घे, आणि जमेल तेव्हा ६५०२ प्रोसेसरची असेम्ब्ली भाषा वाच. तुझ्या मारिओच्या पोटात तीच आहे. झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाड या संगणकशास्त्राच्या स्पर्धा-परीक्षेबद्दल कॉलेजात विचार. तिचे प्रश्न प्रोग्रॅम न लिहिता कागद-पेन्सिलने सोडवायचे असतात, आणि तुला ती आवडेल असा अंदाज आहे.

ताई, एखाद्या रविवारी त्याला वडिलांबरोबर कारखान्यात पाठवा आणि जॅकार्डच्या कार्डांची माळ हातात घेऊन बघू द्या. घरी आल्यावर त्याने आपली बटणांच्या यादीची फाइल उघडून बाबांना दाखवावी. महिन्याभराने मला ती दोन पानं आणि दुसऱ्या चाचणीचे गुण, दोन्ही पाठवा. आणि पहिल्याच ओळीत त्याने लिहावं: लेव्हल कुठली होती, आणि आधीची बस मिळाली का?